लग्नाची तारीख आणि व्यावसायिकाचा शब्द

लग्नसराईत विकला जाणारा खरा माल म्हणजे तारीख. मंडपाचे कापड, आचाऱ्याची पातेली, बेंजोवाल्यांची वाद्ये आणि छायाचित्रकाराचा कॅमेरा वर्षभर घरात असतो. पण त्यांतून पैसा उभा राहतो तो मुहूर्ताच्या मोजक्या दिवशी. किराणा दुकानात आज न खपलेला तांदूळ उद्या खपतो. वैशाखातला रिकामा गेलेला रविवार मात्र परत येत नाही. म्हणून या व्यवसायात विक्री वाढवायची तर हाती असलेल्या तारखा वेळेत आणि परवडणाऱ्या दराने भरल्या पाहिजेत, आणि दिलेला शब्द त्या दिवशी जसाच्या तसा पुरा झाला पाहिजे.

मध्य रेल्वेच्या लोकलचे शेवटचे स्टेशन असलेले कसारा, त्याचा शहापूर तालुका आणि शेजारचा मुरबाड तालुका हा या व्यवसायाचा मोठा ग्रामीण पट्टा आहे. खर्डी, आसनगाव, किन्हवली, डोळखांब, सरळगाव, धसई, टोकावडे अशा गावांत मंडप डेकोरेटर, आचारी, बेंजो पार्टी, ब्रास बँड, फोटो स्टुडिओ, पत्रिका छापणारे आणि फुलवाले हंगामावर वर्षाचा संसार चालवतात. महामार्गालगत आता सभागृहे, लॉन आणि फार्महाउसही उभी राहिली आहेत. यांतले बहुतेक व्यवसाय एका कुटुंबाचे असतात. हिशेब वडील पाहतात, मुलगा टेम्पो चालवतो आणि घरातल्या बायका कापड धुऊन घड्या घालतात. कारागिरीत ही माणसे कमी नाहीत. धंदा निसटतो तो बहुतेक वेळा चौकशी येणे आणि बयाणा हाती पडणे यांच्या मधल्या काही दिवसांत.

हंगामाचा हिशेब

कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते. मार्गशीर्षात काही मुहूर्त निघतात, पौष भाकड मानला जातो, माघ-फाल्गुनात वेग येतो आणि चैत्र-वैशाखात गर्दी उसळते. आषाढी एकादशीला चातुर्मास बसला की मंडपाचे बांबू वळचणीला जातात. शहापूर-मुरबाड हा भाताचा मुलूख आहे. दिवाळीच्या सुमारास कापणी, मग झोडणी, आणि जूनमध्ये पुन्हा पेरणी; शेतकऱ्याला सवड मिळते ती या दोन टोकांच्या मध्ये. मुंबई-कल्याणला नोकरीला असलेले नातलग मे महिन्याच्या सुट्टीत गावी येतात. त्यामुळे पंचांगात दुसरे मुहूर्त असले तरी ओढा एप्रिल-मेकडेच राहतो.

व्यावसायिकाने हे वर्ष एका मोठ्या कागदावर मांडून पाहिले पाहिजे. पुढच्या वर्षाचे पंचांग हाती आले की विवाहमुहूर्तांच्या तारखा, त्यांचे वार, गुरू-शुक्राचे अस्त आणि अधिक मास यांच्या खुणा करून तो भिंतीवर लावावा. अधिक मास किती फरक पाडतो हे दोन वर्षांच्या उदाहरणावरून कळते. २०२३ साली अधिक श्रावण आला. तो चातुर्मासातच पडल्याने लग्नांना धक्का लागला नाही. २०२६ साली अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आला आणि हंगामाचा ऐन शेवटचा तुकडा त्याने घेतला. अशा वर्षी एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात एकेका तारखेला अनेक लग्ने येतात. ज्याने हे वर्षभर आधी पाहिले त्याने जादा कापड, जादा वाढपी आणि दुसरा टेम्पो वेळेत ठरवलेला असतो. बाकीच्यांना आलेली कामे परत पाठवावी लागतात.

दराचा पायाही तारखांच्या संख्येत असतो. समजा, एका मंडपवाल्याचे कर्जाचे हप्ते, गोदामाचे भाडे, कापडाची झीज आणि कायम मजुरांचा पगार मिळून वर्षाला ८ लाख रुपये लागतात. हंगामात ४० तारखा भरल्या तर दर तारखेवर २० हजारांचा भार पडतो. २५ च भरल्या तर तोच भार ३२ हजार होतो. हा आकडा ठाऊक असला की गर्दीच्या रविवारी सूट का द्यायची नाही आणि मार्गशीर्षातल्या मंगळवारी थोडी सूट देऊन काम का घ्यावे, हे कळते. कोणत्याही दिवशी त्या दिवसाचा प्रत्यक्ष खर्च सुटून वर काहीतरी उरले पाहिजे. त्याखाली उतरलेला दर शेजाऱ्याचाही धंदा बुडवतो आणि स्वतःचाही.

घरात निर्णय कोण घेते

या भागात लग्न ठरवायला एक माणूस येत नाही. नवरदेवाचे वडील, मामा, गावातला एखादा जाणता आणि आता बहुधा नवरा-नवरीही सोबत असतात. वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, याआधी कोणाच्या घरी काम केले. त्यांना ओळखीच्या गावाचे आणि ओळखीच्या घराचे नाव हवे असते. मुलामुलींनी तोवर फोनवर फोटो पाहिलेले असतात. त्यांना हळदीचा पिवळा मंडप, फुलांची कमान आणि ड्रोनचे चित्रण कसे असेल हे बघायचे असते. एकाच बैठकीत दोघांचे समाधान करायला दोन गोष्टी तयार असाव्या लागतात. एक म्हणजे त्याच पंचक्रोशीत झालेल्या कामांची यादी, आणि दुसरी म्हणजे स्वतः केलेल्या कामांचे खरे फोटो. दुसऱ्याचे फोटो आपले म्हणून दाखवणाऱ्याचे पितळ लग्नाच्या दिवशी उघडे पडते, आणि ते पाचशे पाहुण्यांसमोर पडते.

कुणबी, आगरी, कोळी, ठाकूर, वारली, कातकरी अशा समाजांच्या रीती इथे शेजारी-शेजारी नांदतात. आगरी लग्नात धवला, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणाऱ्या धवलारणीला मान असतो. वारली लग्न धवलेरी लावते आणि तिच्या गाण्याशिवाय विधी पुरा होत नाही. अनेक घरांत हळदीची रात्र लग्नाइतकीच, कधी त्याहून मोठी असते. हळदीला मटण आणि तांदळाच्या भाकरी, तर लग्नाच्या दिवशी शाकाहारी जेवण, असा बेत ठरलेला असतो. कोणत्या घरी देवक कसे बसते, मांडवडहाळे कधी येतात, धवल्याच्या वेळी ध्वनिक्षेपक कधी थांबवायचा, हे आधी विचारणाऱ्या व्यावसायिकावर घरातली म्हातारी माणसे विश्वास टाकतात. वारली चौक ही तर देवतेची मांडणी आहे. सजावटीचा नुसता नमुना म्हणून तो कुठेही छापण्यापेक्षा वारली कलावंताला बोलावून आणि योग्य मोबदला देऊन काढून घेणे उचित ठरते.

दुसरे गिऱ्हाईक शहरातून येते. मुंबई, ठाणे, कल्याणच्या कुटुंबांना डोंगर आणि पाण्याच्या शेजारी लग्न करायचे असते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यावर नाशिककडची कुटुंबेही जवळ आली. या गिऱ्हाइकाला गावातली ओळख नसते. त्याला लेखी अंदाजपत्रक, नकाशावर दाखवलेली जागा, मुक्कामाच्या खोल्या, शौचालये आणि कसाऱ्याहून सुटणाऱ्या शेवटच्या लोकलची वेळ पाहिजे असते.

चौकशी ते बयाणा

चौकशी फोनवर येते, आणि ती बहुधा दुसऱ्या लग्नात बांबू ठोकत असताना येते. "नंतर फोन करतो" म्हणून ठेवलेला फोन अनेकदा राहून जातो आणि तोवर यजमान दुसऱ्याला सुपारी देऊन मोकळा होतो. यावर उपाय साधा आहे. घरातल्या एकाने फोन घेण्याची जबाबदारी घ्यावी आणि एका जाड वहीत प्रत्येक चौकशी लिहावी. यजमानाचे नाव, गाव, हळदीची तारीख, लग्नाची तारीख, जागा, माणसांचा अंदाज, कोणाच्या ओळखीने फोन आला, पुढचे बोलणे कधी करायचे आणि शेवटी काय झाले, एवढे रकाने पुरतात. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये हेच काम लेबल लावून होते. पण घाटाजवळच्या पाड्यांत रेंज जाते, म्हणून वही हवीच.

हंगामाच्या शेवटी ही वही बोलू लागते. समजा, ६० चौकशांपैकी १५ पक्क्या झाल्या. उरलेल्या ४५ पैकी किती तारीख आधीच भरल्याने गेल्या, किती दरामुळे गेल्या आणि किती जणांना पुन्हा फोनच केला गेला नाही, हे मोजता येते. शेवटच्या कारणाने गेलेली कामे एक पैसाही खर्च न करता परत मिळवता येतात.

पहिल्या बोलण्यातच दर सांगण्याची घाई करू नये. आधी काही गोष्टी विचाराव्यात. टेम्पो पाड्यापर्यंत जातो का? मंडपाची जागा सपाट आहे की शेतातले बांध मोडावे लागतील? वीज कुठून घ्यायची? पाणी कुठले? पाण्याचा प्रश्न या तालुक्यात फार महत्त्वाचा आहे. तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, तरी उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर टँकर फिरतात. मे महिन्यातल्या लग्नात पाचशे माणसांचा स्वयंपाक, पिणे आणि हात धुणे याला लागणारे पाणी यजमानाच्या लक्षात सहसा राहत नाही. "टँकरचे काय ठरले आहे?" असा प्रश्न जो आचारी आपणहून विचारतो, त्याला कामाची जाण आहे हे यजमानाला तिथेच कळते.

जागा पाहून आल्यावर एका दिवसात लेखी अंदाजपत्रक द्यावे. तारीख तीन दिवस राखून ठेवतो आणि चौथ्या दिवशी ती दुसऱ्याला खुली होईल, असे स्पष्ट सांगावे. दुसऱ्या दिवशी एक फोन करावा, कोणती शंका आहे ते विचारावे आणि उत्तर द्यावे. रोज फोन करून मागे लागल्याने माणसे दुरावतात.

अंदाजपत्रक कसे असावे

"सगळे मिळून एवढे" असा एकच आकडा सांगणे सोपे असते, पण भांडणे त्यातूनच उगवतात. डोळखांबजवळच्या एखाद्या पाड्यावरच्या हळद आणि लग्नाचे चांगले अंदाजपत्रक असे दिसते: मंडपाची लांबी-रुंदी, छताचे कापड, बाजूचे पडदे, बैठकीचे गालिचे, खुर्च्यांची संख्या, नवरा-नवरीचे व्यासपीठ, दिवे, जनित्र किती तास आणि त्याचे डिझेल कोणाचे, ने-आण, मजूर, मंडप किती वाजता उभा होणार आणि कधी उतरणार. प्रत्येक बाबीपुढे तिची रक्कम. शेवटी "यात काय धरलेले नाही" असा वेगळा भाग. टँकर, पाहुण्यांच्या जीप आणि जागेचे भाडे यजमानाकडे असेल तर ते तिथे लिहिलेले असावे.

आचाऱ्याच्या अंदाजपत्रकात ताटाचा दर आणि ताटांची किमान संख्या असावी. पाचशे सांगितलेले पाहुणे साडेसहाशे होतात, हा गावाकडच्या लग्नाचा नेहमीचा अनुभव आहे. जादा ताटांचा दर काय आणि किती जादा ताटांपर्यंत स्वयंपाक पुरेल, हे आधी ठरले तर पंगतीत कोणाची मान खाली जात नाही. तांदळाच्या भाकऱ्यांचे काम गावातल्या बचत गटाला दिले तर ताज्या भाकरी मिळतात आणि पैसा गावात राहतो. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोल आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताट-वाट्यांवर बंदी आहे. पळसाच्या पत्रावळींची सोय अंदाजपत्रकातच दाखवली तर शहरातल्या यजमानालाही ती आवडते.

साधा, मधला आणि पूर्ण असे तीन बेत समोर ठेवल्याने निवड सोपी होते. यातला साधा बेतही नेटका असावा. कमी खर्चाचे लग्न करणाऱ्या कुटुंबाला आपण कमी पडलो असे वाटू देणारा व्यावसायिक त्या घरात पुन्हा बोलावला जात नाही.

झेपेल तेवढाच खर्च सुचवण्यामागे ठाणे जिल्ह्याचा इतिहासही आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणसे सावकार-जमीनदाराच्या घरी राबत राहण्याची 'लग्नगडी' पद्धत जुन्या ठाणे जिल्ह्यात होती. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, त्यानंतर वारल्यांचा उठाव झाला आणि ती प्रथा मोडून निघाली. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो लढा नोंदवला आहे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी लग्नासाठी वीटभट्टी मालकाकडून उचल घेऊन पुढचा हंगाम फेडत बसणारी कातकरी कुटुंबे अजून आहेत. अशा घराला मोठा बेत गळी उतरवणे ही विक्री नव्हे. त्याला झेपेल असा मांडव सुचवणे हे माणुसकीचे काम आहे, आणि त्याची बाकीही वेळेवर मिळते.

बयाणा, हप्ते आणि कागद

बयाणा घेतला की पावती द्यावी आणि तारीख वहीत लाल शाईने लिहावी. त्यानंतर जास्त पैसे देणारे गिऱ्हाईक आले तरी ती तारीख हलता कामा नये. हप्ते यजमानाच्या पैशाच्या वेळापत्रकाशी जुळवले तर वसुली सोपी जाते. नोकरदाराचा हप्ता पगारानंतर ठेवावा. शेतकऱ्याचा हप्ता भाताचे पैसे हाती आल्यावर ठेवावा. आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर घातलेल्या भाताची रक्कम खात्यावर जमा व्हायला वेळ लागतो, हे धरून चालावे. समजा, बयाणा चौथा हिस्सा, लग्नाच्या पंधरा दिवस आधी निम्मी रक्कम आणि उरलेला चौथा हिस्सा मंडप उतरण्यापूर्वी, अशी मांडणी दोघांनाही सोयीची ठरते.

मुरबाड तालुक्यातले धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले होते. आता यूपीआय वाडीवस्तीवर पोहोचले आहे आणि त्याची नोंद दोघांकडे राहते. रोख घेताना एक नियम लक्षात ठेवावा: एकाच प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे, आणि तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. हळद आणि लग्न वेगळे दाखवून सुटका होत नाही. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते. तो कर दरात धरला आहे की वेगळा, हे अंदाजपत्रकात लिहावे.

करारपत्र एका पानाचे असले तरी चालते. तारीख पुढे ढकलली, लग्न मोडले किंवा घरात दुःखद घटना घडली तर बयाण्याचे काय, आणि पाऊस आला तर काय, हे त्यात असावे. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. मेच्या उत्तरार्धातल्या लग्नाला ताडपत्रीचे छत आणि चर खणण्याची मजुरी आता अंदाजपत्रकात असलीच पाहिजे. लग्न लांबणीवर पडल्यास बयाणा दुसऱ्या तारखेला वळता करणे हा दोघांच्या हिताचा मार्ग आहे. वाजवी नुकसानीपेक्षा जास्त रक्कम दाबून ठेवणे कायद्यातही टिकत नाही आणि गावातही.

कायद्याच्या तीन गोष्टी

बुकिंग घेताना नवरा-नवरीच्या वयाचा दाखला पाहणे आवश्यक आहे. मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण हवे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार असे लग्न लावणारा, घडवून आणणारा किंवा त्याला साहाय्य करणारा यांना २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाणूनबुजून मदत करणारा मंडपवाला, आचारी किंवा पत्रिका छापणाराही त्यात अडकू शकतो. दाखला मागितल्याने एखादे काम जाईल, पण एका मुलीचे बालपण वाचेल.

ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावा लागतो. हळदीच्या रात्री याच मुद्द्यावर बेंजो पार्टी आणि यजमान यांच्यात वाद होतात. सुपारी घेतानाच "वाजवणे ७ ते १०" असे लिहिले तर वाद टळतो. आचाऱ्याने अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी किंवा परवाना घ्यावा आणि त्याचा क्रमांक अंदाजपत्रकावर छापावा.

ओळख कशी वाढते

लग्न ठरल्यावर कुटुंब कोणाकडे आधी जाते, हे पाहिले की जाहिरातीची जागा सापडते. भटजी, सोनार, पत्रिका छापणारा आणि भांड्यांचा दुकानदार यांच्याकडे तारीख सर्वांत आधी कळते. मंडपवाला, आचारी, बेंजो आणि छायाचित्रकार यांनी एकमेकांची नावे सुचवली तर बस्त्यासाठी कल्याण-उल्हासनगरला गेलेले कुटुंब बाकीचे कामही तिकडे ठरवून येत नाही. ज्याचे काम स्वतः पाहिले आहे त्याचेच नाव सुचवावे, आणि त्यात दलाली असेल तर यजमानापासून लपवू नये.

मुरबाडजवळच्या म्हशाची खांबलिंगेश्वराची यात्रा पौष पौर्णिमेला सुरू होते. गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या यात्रेत लांबलांबची गावे एकत्र येतात. पौषात लग्ने नसतात आणि माघापासून हंगाम तापतो. तेव्हा व्यावसायिकाला वेळही असतो आणि समोर गिऱ्हाईकही. तिथे लहानसा नमुना मांडव घालून कामाचे फोटो आणि रिकाम्या तारखांचा फलक लावता येतो.

ऑनलाइन नकाशावर व्यवसायाची मोफत नोंद करून पत्ता, फोटो आणि कामाची गावे घातली की शहरातले गिऱ्हाईक थेट पोहोचते. लग्नाचे फोटो कुठेही टाकण्याआधी त्या कुटुंबाची परवानगी घ्यावी. चातुर्मासात गणेशोत्सव, नवरात्र, बारशी, डोहाळजेवणे, निवृत्तीचे सत्कार आणि शाळांची संमेलने घेतली तर मजुरांना काम राहते आणि मुहूर्ताबाहेरही नाव कानावर पडते. सामूहिक विवाह भरवणाऱ्या संस्थांच्या कामात नफा कमी असतो, पण एकाच मांडवात अनेक गावांची माणसे व्यावसायिकाचे काम पाहून जातात.

लग्नानंतरचे दोन दिवस

पाहुणे पांगल्यावर मंडप उतरतो, आणि पुढचे बुकिंग मिळते की जाते ते याच वेळी. खड्डे बुजवणे, पत्रावळी उचलणे, उसनी आणलेली पातेली मोजून परत करणे ही कामे यजमानाच्या थकलेल्या घराने करायची नसतात. दोन दिवसांनी हिशेबाचा कागद घेऊन यजमानाकडे जावे. जादा ताटे किती झाली, डिझेल किती लागले, न वापरलेल्या खुर्च्यांचे पैसे किती वजा केले, हे ओळीने वाचून दाखवावे आणि काही उणे राहिले का ते विचारावे. छायाचित्रकाराने अल्बम ठरल्या दिवशी पोहोचवावा. लग्नघराच्या ओटीवर तेव्हा नातलग असतात, आणि त्यांच्यात पुढच्या वर्षी ज्यांच्या घरी मांडव पडायचा आहे अशी एक-दोन माणसे हमखास असतात. तो हिशेब त्यांच्याही कानावर पडत असतो.